नॉमिनेट झालेले उजागरे

शिरूरच्या मिशन कंपाउंडामागं बैठी घरं आहेत, त्यातल्या कोपऱ्यातल्या घरात नथानिएल उजागरे राहतात. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं सडपातळ, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप वाकावं लागतं. वडील रखमाजी चर्चची घंटा वाजवायचे आणि कंपाउंडातली झाडं बघायचे. नथानिएल आयटीआय करून रांजणगावला एका कंपनीत लागले ते तिथंच राहिले. कपडे धुण्याच्या मशीनच्या दाराला आतून जी जाड रबरी कडी असते, ती आमच्या कंपनीत बनते. तयार कडी हातात घ्यायची, सगळीकडून बोट फिरवायचं आणि कुठं चीर किंवा फोड लागला तर ती बाजूला टाकायची, हे उजागऱ्यांचं काम. मी स्टोअरला होतो आणि आमची कंपनीची बस एकच, म्हणून पुढं जे झालं ते मला जवळून बघायला मिळालं.

उजागऱ्यांना एक खोड आहे. अर्थ कळला नाही तो शब्द ते गिळत नाहीत. बोनसच्या नोटिशीत एकदा ‘टेंटेटिव्ह’ असं आलं होतं. बाकीचे आकडा वाचून घरी गेले. हे मात्र कँटीनवाल्यापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला, “म्हंजी नेमकं काय?” असं विचारत फिरले.

तर दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी बसमध्ये त्यांच्या मोबाइलवर कंपनीच्या ॲपचा निरोप आला. त्यांनी तो मला दाखवला. ‘उजागरे एन. आर., यू हॅव बीन नॉमिनेटेड.’ खाली हिरवी बरोबरची खूण. बाकी काही नाही.

“कशासाठी?” मी विचारलं.

“तेच तुम्हाला इचारतोय,” ते म्हणाले.

मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, “बेस्ट एम्प्लॉयी असंल.” दुसरा म्हणाला, “युनियनच्या इलेक्शनला कुणीतरी फारम भरला असंल तुमच्या नावानं.” बस कंपनीत पोचेपर्यंत चारजणांनी त्यांच्याशी हात मिळवला होता.

उजागरे गेटमधून सरळ एचआरमध्ये गेले. तिथं संघर्ष नावाचा नवीन साहेब बसायचा. मुलगा भला, पण संगणकाच्या पलीकडचं त्याला काही सांगता यायचं नाही. त्यानं स्क्रीनकडं बघितलं.

“बरोबर आहे सर. तुमचं स्टेटस नॉमिनेटेड आहे.”

“कशासाठी, साहेब?”

“ते फील्ड ब्लँक आहे.”

“मंग भरा की.”

“मला भरता येत नाही. ज्यानं नॉमिनेट केलंय त्यालाच भरता येतं.”

“कुणी केलंय?”

“ते इथं दिसत नाही. फक्त तुम्ही नॉमिनेट झालात एवढंच दिसतं.” मग आपण फारच कोरडं बोललो असं त्याला वाटलं असावं. त्यानं उठून उजागऱ्यांच्या हातात हात दिला. “पण अभिनंदन, सर.”

उजागरे लाइनवर आले तर सुपरवायझर दत्ता डोकं खाजवत उभा. कोणत्या मशीनवर कोण हे आता संगणक ठरवतो, आणि त्यात उजागऱ्यांचं नावच येईना. दत्तानं पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. शेवटी म्हणाला, “मामा, नॉमिनेटेड माणसाला लाइन देता येत न्हाई म्हणतंय. तुम्ही बसून राहा.”

“कुठं बसू?”

हा प्रश्न अवघड होता. आमच्या शॉपमध्ये बसायला जागाच नाही, कारण तिथं कुणी बसत नाही. कँटीनमधून प्लास्टिकची एक खुर्ची आणली. पण जमिनीवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूभोवती पिवळी पट्टी पाहिजे असा नियम आहे. मशीनला पट्टी, कचऱ्याच्या डब्याला पट्टी, झाडूला पट्टी. म्हणून दत्तानं खुर्चीभोवती पिवळ्या पट्टीचा चौकोन मारला आणि उजागरे त्या चौकोनात बसले. पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटली. हाताला काम नव्हतं, म्हणून ते खुर्चीच्या दांड्यावरून बोट फिरवत राहिले.

त्याच आठवड्यात कंपनीत परदेशी पाहुणे आले. चालत चालत ते चौकोनापाशी थांबले आणि हे काय म्हणून विचारलं. मॅनेजर साहेबांनाही माहीत नव्हतं, पण ते गप्प राहणारे नव्हते. ते म्हणाले, “ही इज नॉमिनेटेड.” पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली. त्यातला एक वयस्कर होता, तो कमरेतून वाकला. उजागरेही उठून वाकले. मग सगळ्यांनी चौकोनाच्या बाहेर उभं राहून फोटो काढला.

सेफ्टीचे दुबेजी तेवढे दोन-तीनदा येऊन त्यांच्याकडं निरखून बघून गेले. मान तिरपी करून बघायचे, काही बोलायचे नाहीत, निघून जायचे.

घरी वेगळाच प्रकार. उजागऱ्यांच्या बायको हन्नाबाई मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करतात. संध्याकाळी त्या टीव्हीवरचा तो कार्यक्रम बघतात, ज्यात बारा-पंधरा माणसं एका घरात कोंडलेली असतात. त्या सोमवारी नवऱ्यानं ‘नॉमिनेट झालो’ म्हणताच त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“आता काय करायचं हो?”

“काय करायचं म्हंजी?”

“नॉमिनेट झाल्यावर घराबाहेर काढत्यात! दर आठवड्याला बघते मी. आधी नॉमिनेट करत्यात, मग रडत्यात, मग बॅग भरत्यात. कुणाशी भांडलाबिंडला होता का तुम्ही?”

“मी कशाला भांडू?”

“मग न भांडणाऱ्यालाच काढत्यात. त्यांना करमत न्हाई असल्या माणसासंगं.”

त्या रात्री त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ही बातमी मारुतरावांच्या कानावर गेली. मारुतराव म्हणजे पलीकडच्या वाडीचे माजी सरपंच, एका पतसंस्थेचे चेअरमन. कुठं कोण वर चाललंय याची त्यांना आधी खबर असते. ते पांढऱ्या गाडीतून उतरले ते शाल आणि नारळ घेऊनच.

“नथूभाऊ, आम्हाला कळू दिलं न्हाई तुम्ही!”

“मलाच कळंना झालंय, आप्पा.”

“असंच बोलायचं असतं. शिका रे.” हे त्यांनी बरोबरच्या माणसांना सांगितलं. “हे बघा, निवडून यायला कुणीबी येतं. मतं मागायची, पाया पडायचं. नॉमिनेट व्हायला वजन लागतं. आमच्याकडं त्याला स्वीकृत म्हणत्यात. न मागता आत. कुठं घेतलं तुम्हाला?”

“ते अजून भरलेलं न्हाई.”

“म्हंजी वरच्या लेव्हलला चर्चा चालू हाय,” मारुतराव म्हणाले आणि त्यांनी शाल पांघरली.

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. ‘आमचे मित्र नथूभाऊ उजागरे नॉमिनेट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: मारुतराव आप्पा मित्र परिवार.’ कशात झाले ते लिहिलेलं नव्हतं आणि फ्लेक्स वाचणाऱ्या एकाही माणसानं ते विचारलं नाही. मारुतरावांचा फोटो मोठा होता. उजागऱ्यांचा त्यांच्या खांद्याजवळ, गोल चौकटीत होता. लोक त्यांना रस्त्यात थांबवून कामं सांगू लागले. एकानं पाण्याच्या कनेक्शनचा अर्ज दिला. उजागऱ्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला, कारण परत देणं त्यांना जड गेलं.

हन्नाबाईंचे थोरले भाऊ सॅम्युएल दौंडला रेल्वेत आहेत, तिथंच कॉलनीत राहतात. हन्नाबाईंनी त्यांना फोनवर रडत रडत सांगितलं, “दादा, हे नॉमिनेट झालेत.” सॅम्युएलरावांनी पलीकडून फक्त विचारलं, “कोण गेलं?” त्यांना उत्तर नीट ऐकू आलं नाही. ते रजा टाकून, एसटीनं, बायकोच्या हातची भाकरी-पिठलं फडक्यात बांधून शिरूरला आले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. दारात उजागरेच शाल पांघरून उभे दिसले तेव्हा ते गोंधळले.

“दाजी, तुम्ही तर हायेत.”

“हाय की. का बरं?”

“मंग गेलं कोण?”

सगळे ओट्यावर बसले आणि सॅम्युएलरावांनी समजावून सांगितलं. रेल्वेत पहिल्या दिवशीच फॉर्म भरून घेतात. आपलं काही बरंवाईट झालं तर मागं कोण, त्याचं नाव लिहायचं. ते नाव म्हणजे नॉमिनी. “आता तुम्ही नॉमिनेट झालात, म्हंजी कुणीतरी तुमचं नाव लिहिलंय. त्याचं जवा काय व्हईल, तवा तुम्हाला बोलावणं येणार.”

“म्हंजी कुणीतरी मरायची मी वाट बघायची?”

“वाट बघायची न्हाई. तयारीत राहायचं.”

“आन् माझी नॉमिनी कोण?” उजागऱ्यांनी विचारलं.

“ही काय,” सॅम्युएलराव बहिणीकडं बोट करून म्हणाले. “हन्नी. तुमचं काय झालं तर हिला फोन यील.” हन्नाबाईंनी मोबाइल उचलून पदराखाली धरला.

पिठलं फुकट जायला नको म्हणून सगळ्यांनी तेच खाल्लं. सॅम्युएलराव मात्र परत गेले नाहीत. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत थांबतो म्हणाले.

रविवारी उपासनेनंतर उजागरे पाळकसाहेबांकडं गेले. मी सोबत होतो. पाळकसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. “हे बघा बंधू, निवडणं वेगळं, नेमणं वेगळं. निवडतात तेव्हा पुष्कळातून एकाला उचलतात. नेमतात तेव्हा त्याला काम देतात.”

“आन् नॉमिनेट?”

“ते मधलं आहे. उचललंय, पण अजून कुठं ठेवलेलं नाही.”

उजागऱ्यांना एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काही पटण्यासारखं ऐकू आलं. आपल्याला कुणीतरी खरंच हवेत धरून ठेवलंय असं त्यांना वाटत होतं. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. नेमकं काय मागावं हे त्यांनाही कळेना, म्हणून त्यांनी सामर्थ्य मागितलं, नम्रता मागितली, सांत्वन मागितलं आणि शेवटी प्रवासात सांभाळ कर असंही म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पुढच्या बुधवारी सकाळी दुबेजी चौकोनापाशी आले आणि उजागऱ्यांच्या गळ्यात दोरीनं एक लाल कार्ड अडकवलं. त्यावर ‘कॅज्युअल्टी’ लिहिलं होतं.

“आज मॉक ड्रिल है, उजागरेजी. गैस लीक. आप घायल हैं. इसी के लिए नॉमिनेट किया था.”

उजागऱ्यांनी कार्डावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “मंग तसं लिहायचं होतं की.”

“सरप्राइज ड्रिल था. लिख देते तो सरप्राइज कैसा?”

मला वाटलं ते चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताणच उतरला. शब्दाचा अर्थ लागला होता. त्यांनी विचारलं, “कुठं लागलंय मला?”

“पैर में.”

“कंचा पाय?”

“कोई भी.”

उजागऱ्यांनी डावा ठरवला, कारण उजवा गुडघा खरोखरच दुखत होता आणि दोन्ही दुखणी एकत्र करणं त्यांना बरोबर वाटेना. ते केमिकल स्टोअरच्या दारात डावा पाय आखडून आडवे झाले. भोंगा वाजला. आम्ही सगळे मैदानात जाऊन रांगेत उभे राहिलो. आता स्ट्रेचरची टीम धावत येणार होती. पण टीमच्या चौघांनाही सरप्राइजच ठेवलं होतं, त्यामुळं आपण टीममध्ये आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. तेही आमच्याबरोबर रांगेत उभे होते.

बाहेरून आलेले तपासनीस घड्याळ बघत होते. वेळ संपल्यावर ते शांतपणे उजागऱ्यांपाशी गेले आणि त्यांच्या गळ्यातलं कार्ड उलटं केलं. मागची बाजू काळी होती.

“हे काय झालं?” उजागऱ्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

“तुम्ही वारलात,” तपासनीस म्हणाले. “बोलू नका.”

नियमाप्रमाणं आता वारसाला कळवायचं होतं, आणि ते काम एचआरचं होतं. संघर्षनं नियमावलीतलं वाक्य बघून फोन लावला. “नथानिएल उजागरे यांच्या नॉमिनी हन्ना उजागरे आपणच का? आपल्याला कळवण्यात येतं की मॉक…” पुढचं हन्नाबाईंनी ऐकलंच नाही. नॉमिनी या शब्दालाच त्यांनी हंबरडा फोडला. सॅम्युएलरावांनी फोन घेतला आणि म्हणाले, “येतो.”

नियमावलीत असंही होतं की नॉमिनीची सही झाल्याशिवाय ड्रिल बंद करता येत नाही. म्हणून सगळी कंपनी उन्हात उभी राहिली. मी स्टोअरमधून खोक्याचा मोठा पुठ्ठा आणून उजागऱ्यांच्या तोंडावर सावली धरली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. हळूच म्हणाले, “भाऊ, इतक्या वर्षांत आज पयल्यांदा भर शिफ्टमधी आडवा झालोय. बरं वाटतंय.”

मारुतरावांची गाडी गेटवर येऊन थांबली. शिरूरहून रांजणगावपर्यंत त्यांनी हॉर्न सोडला नव्हता. हन्नाबाई धावत आत आल्या, मागं सॅम्युएलराव, त्यांच्या मागं हात जोडून मारुतराव. काळं कार्ड बघून हन्नाबाई गुडघ्यावर कोसळल्या. तेव्हा उजागऱ्यांनी डोळे उघडले.

“हन्ना, रडू नको. मी फक्त ड्रिलमधी मेलोय.”

“बोलू नका,” तपासनीस पुन्हा म्हणाले.

हन्नाबाईंनी आधी त्यांचे गाल चाचपले, मग कपाळ, मग छातीवर हात ठेवून बसल्या. आणि मग उभ्या राहिल्या. त्यांचा तो अवतार बोर्डिंगातल्या मुलींनी बघितला असेल, आम्ही नव्हता बघितला.

“कुणी केलं हे?”

“सिस्टीममध्ये ते नॉमिनेट झाले असं…” संघर्ष बोलू लागला.

“झाले, झाले काय लावलंय? ताप आल्यावानी आपोआप झाले व्हय? माणसानं केलं असंल ना? कोण तो माणूस?”

दहा दिवस आम्ही सगळे ‘झाले’च म्हणत होतो. त्यांच्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी एचआरमध्ये हेच विचारलं होतं, पण ते हळू आवाजात. हा प्रश्न मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला.

दुबेजी पुढं आले. “मैंने किया, भाभीजी.”

“यांनाच का?”

दुबेजींनी हेल्मेट काढून हातात घेतलं. “सबको देखा मैंने। बाकी लोग लेटकर हँसते हैं। इनका चेहरा शांत है।”

हन्नाबाईंनी एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. गोष्ट खरी होती. त्या म्हणाल्या, “मंग आता ह्यांचं नाव काढा.”

“नाव काढता येत नाही,” संघर्ष म्हणाला. “दुसरं घालता येतं. नॉमिनी म्हणून तुम्ही सांगू शकता.” हा नियम खरंच होता की तो घाबरून बोलला, ते मला आजही माहीत नाही.

“मंग ह्यांना घाला,” हन्नाबाई दुबेजींकडं बोट करून म्हणाल्या.

आणि त्यांनी सही ठोकली, तशा सगळ्या कंपनीनं टाळ्या वाजवल्या. ड्रिल तसंही नापास झालं होतं, पुन्हा घ्यावंच लागणार होतं. दुबेजींनी वाद घातला नाही. उजागऱ्यांच्या गळ्यातलं कार्ड काढून, लाल बाजू पुढं करून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि उजागरे उठले होते त्या जागी आडवे झाले. मारुतरावांनी हे सगळं बघून मला बाजूला घेतलं. “नथूभाऊंनी राजीनामा दिला का?” मी हो म्हटलं. “त्यागी माणूस हाय,” ते म्हणाले.

भोंगा पुन्हा वाजला. या वेळी टीमला माहीत होतं. चौघे स्ट्रेचर घेऊन पळत आले, उजागऱ्यांनीही एका बाजूनं दांडा धरला. दुबेजींना उचललं, ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं, तपासनीसांनी घड्याळ दाबलं आणि पास म्हणून सांगितलं. “दुबेजी, उठा,” दत्ता म्हणाला.

दुबेजी उठले नाहीत. ते झोपले होते. सेफ्टीचा दुसरा साहेब नोकरी सोडून गेल्यापासून ते एकटेच दोन्ही प्लांट बघत होते, आणि सलग झोप त्यांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. तोंड किंचित उघडं, लाल कार्ड छातीवर वरखाली होत होतं. हन्नाबाई आत डोकावल्या.

“उठवू नका त्यांना,” त्या म्हणाल्या.

पण ड्रिलच्या नियमात ॲम्ब्युलन्स दवाखान्यापर्यंत जायलाच पाहिजे होती. ड्रायव्हरनं ती काढली. झोपलेल्या माणसाला एकटं कसं पाठवायचं म्हणून हन्नाबाई आत बसल्या आणि उजागरेही चढले. मागून मारुतरावांच्या गाडीत सॅम्युएलराव आणि मी. शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दुबेजींना तपासलं आणि ब्लडप्रेशर बघून त्यांना घरी सोडायलाच नकार दिला. ते दोन दिवस तिथंच राहिले. गावाकडून, पार उत्तर प्रदेशातल्या बलियाहून, त्यांचं माणूस यायला वेळ लागणार होता. दवाखान्याच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून कुणाचं तरी नाव घालायचं होतं. नर्सनं विचारलं तेव्हा उजागरे पुढं झाले आणि म्हणाले, “माझं लिहा.”

उजागरे आता परत लाइनवर आहेत, कडीवरून बोट फिरवतात. पाण्याच्या कनेक्शनचा तो अर्ज त्यांनी स्वतः नगरपरिषदेत नेऊन दिला, आणि काम झालंही. सॅम्युएलराव दौंडला गेले. दुबेजी मात्र दर रविवारी दुपारी कंपाउंडामागच्या त्या घरी जेवायला येतात. ते मटण खात नाहीत, म्हणून हन्नाबाई त्यांच्यासाठी हुलग्याचे शेंगोळे करतात. पहिल्या वेळी त्यांनी वाटीत बघून विचारलं होतं, “ये साँप जैसा क्या है?” आता तिसरी वाटी मागतात, आणि जेवण झालं की ओट्यावर सतरंजी टाकून संध्याकाळपर्यंत झोपतात. गल्लीतली पोरं तिथं क्रिकेट खेळत असली की उजागरे बाहेर येऊन त्यांना हळू आवाजात सांगतात, “जरा पलीकडं खेळा रं.” ते काय म्हणाले हे ऐकायला पोरांना जवळ यावं लागतं.